उत्तरपक्ष

आपल्याकडे वादाची एक फार जुनी शिस्त आहे. शास्त्रीपंडितांच्या सभेत आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतके नीट सांगावयाचे. मग उत्तरपक्ष करावयाचा. दोन्ही पक्ष तावूनसुलाखून झाले म्हणजे जे उरेल त्याला सिद्धांत म्हणावयाचे. या व्यवस्थेत बोलणाऱ्याचे वय किती, त्याच्या घरी जमीन किती, त्याच्या डोक्यावर पगडी कोणाची, याला जागा ठेवलेली नाही. निदान पोथीत तरी नाही.

घरात मात्र आपण वेगळे शिकतो. "मोठी माणसे बोलत असताना मध्ये तोंड घालू नये," हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. वर्गात एखाद्या मुलाने उभे राहून, "गुरुजी, हे असेच कशावरून?" असे विचारले की बाकीची चाळीस मुले त्याच्याकडे कशी पाहतात, हे मी शाळामास्तर या नात्याने रोज पाहतो. त्या नजरेत कौतुक कमी असते आणि 'आता याला बोलणी बसणार' ही उत्सुकताच जास्त असते.

म्हणून या दिवाळीत, चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी, मी वाचकांपुढे एका सभेची हकीकत ठेवणार आहे. सभा लंडनची, विषय विश्वाच्या उत्पत्तीचा, आणि बोलणारा बावीस वर्षांचा एक मराठी विद्यार्थी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. त्यामुळे यातले गणित वाचकांना जितके जड जाईल तितकेच मलाही जाते. पण ही गोष्ट गणिताची कमी आणि माणसांची अधिक आहे.

*

लंडनमध्ये पिकॅडिली नावाच्या गजबजलेल्या रस्त्यावर बर्लिंग्टन हाउस ही जुनी वास्तू आहे. इंग्लंडातील रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी, म्हणजे ज्योतिर्विदांची राजमान्य संस्था, येथेच आहे. संस्था 1820 साली स्थापन झाली. तिच्या सभांत सभासद आपापले शोध वाचून दाखवतात, इतर जण त्यांवर शंका घेतात, आणि झालेला वाद पुढे छापून येतो.

या सभेशी आपल्या देशाचा एक जुना हिशेब होता. शुक्रवार, 11 जानेवारी 1935 रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा चोवीस वर्षांचा मद्रासी तरुण येथे उभा राहिला होता. ताऱ्यातले इंधन संपले की तो आकुंचन पावून श्वेत बटू होतो; पण सूर्याच्या सुमारे 1.4 पटीहून त्याचे वस्तुमान जास्त असेल तर त्याला तिथे थांबता येत नाही, तो आणखी आणखी कोसळतच जातो, असे त्याने गणिताने दाखवले. त्याच्या पाठोपाठ सर आर्थर एडिंग्टन बोलायला उठले. एडिंग्टन म्हणजे त्या काळचे खगोलशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. तारा असा वेड्यासारखा वागणे निसर्गाला चालणारच नाही, अशा अर्थाचे ते बोलले, आणि सभा हसली. चंद्रशेखर पुढे अमेरिकेत शिकागोला गेले. त्याच कामाची दखल घेऊन नोबेल पारितोषिक त्यांच्या हाती पडले ते 1983 साली. तोपर्यंत ते त्र्याहत्तरीला पोचले होते.

या सभेने हसून गप्प केलेल्या माणसाचे नाव भारतात ज्यांना ठाऊक होते, त्यांना बर्लिंग्टन हाउसचा उंबरठा केवढा उंच वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

*

आता आपला विद्यार्थी. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरास झाला, पण बालपण गेले काशीस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजचे रँग्लर. पंडित मदनमोहन मालवीयांच्या शब्दाखातर ते बनारस हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होऊन आले. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे एका बाजूने आइन्स्टाइन आणि दुसऱ्या बाजूने भर्तृहरी असे ते घर.

या घरातली एक गोष्ट नारळीकरांनी स्वतः पुष्कळदा सांगितलेली आहे. त्यांचे मोरूमामा हुजूरबाजार शिक्षणासाठी बनारसला बहिणीकडे राहत होते. घरात मुलांसाठी भिंतीवर फळा होता. मामा गुपचूप त्यावर एक अवघड गणित लिहून ठेवीत आणि वर लिहीत, 'जयंतसाठी आव्हान'. ते गणित सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, फळ्यावरून पुसले जात नसे. मामाने भाच्याला दिलेली दिवाळी अनेक प्रकारची असते. पण ही देणगी काही निराळीच म्हणावी लागेल. मामा वयाने आणि ज्ञानाने मोठे. तरी फळ्यापुढे दोघे बरोबरीचे. तिथे उत्तर बरोबर आहे की चूक एवढेच पाहायचे.

1957 साली बनारसची पदवी घेऊन जयंतराव केंब्रिजला गेले. तिथल्या गणिताच्या सुप्रसिद्ध परीक्षेत वडिलांप्रमाणेच रँग्लर झाले, आणि 1960 साली फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

हॉइल हा यॉर्कशरमधल्या लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बोलण्यात रोखठोक, लिहिण्यात रसाळ. ताऱ्यांच्या पोटात कार्बन-लोखंडासारखी मूलद्रव्ये कशी शिजतात हे दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. शिवाय ते विज्ञानकथा लिहीत आणि रेडिओवर व्याख्याने देत. 1948 साली हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड या तिघांनी विश्वाविषयी एक नवे मत मांडले होते. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जात आहेत, विश्व प्रसरण पावत आहे, हे एडविन हबल यांनी 1929 साली दाखवलेले सर्वांनाच मान्य होते. यावरून पुष्कळांनी असे अनुमान काढले की फार पूर्वी सर्व काही एका ठिकाणी दाटलेले असले पाहिजे आणि तिथून विश्वाचा आरंभ झाला असला पाहिजे. या मताला 'बिग बँग' हे नाव हॉइल यांनीच 1949 साली बी.बी.सी.वरच्या एका भाषणात दिले. मराठीत आपण त्याला महास्फोट म्हणतो. हॉइल यांना स्वतःला मात्र तो आरंभ पटत नव्हता. त्यांचे म्हणणे असे की विश्वाला आदि नाही आणि अंतही नाही. दीर्घिका दूर गेल्यामुळे जी जागा मोकळी होते तिथे नवे द्रव्य हळूहळू निर्माण होते. ते इतके हळू, की आपल्या माजघराएवढ्या जागेत कोट्यवधी वर्षांनी हायड्रोजनचा एखादा अणू. त्यामुळे विश्वाचा एकूण चेहरा सदासर्वकाळ सारखाच राहतो. नदीचे पाणी वाहत असते, पण नदी तीच दिसते, तसे. याला स्थिर स्थितीचा सिद्धांत म्हणतात.

*

हा सिद्धांत पाडण्याचा विडा उचलला होता तो त्याच केंब्रिजमधल्या मार्टिन राइल यांनी. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेला हा माणूस युद्धानंतर आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपू लागला. डोळ्यांना न दिसणारे, पण रेडिओलहरी फेकणारे कितीतरी स्रोत आकाशात आहेत. राइल यांनी ते मोजावयास घेतले. नुसते मोजून विश्वाचा इतिहास कसा कळणार, असे वाचकांच्या मनात येईल. ते दिवाळीच्याच भाषेत सांगतो.

समजा, चहूकडे, वर-खाली, सगळीकडे सारख्या अंतरावर एकसारखे आकाशकंदील टांगलेले आहेत आणि तुम्ही मधोमध उभे आहात. कंदील दुप्पट दूर असला तर त्याचा उजेड तुम्हांला चौथ्या हिश्शाने दिसतो. पण दुप्पट अंतरापर्यंतची जागा मात्र आठपट असते, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट झाल्या. म्हणून एका ठरावीक तेजापर्यंतचे कंदील तुम्ही मोजले, आणि मग त्याच्या चौथ्या हिश्शाइतक्या मंद कंदिलांपर्यंत मोजत गेलात, तर संख्या आठपट भरली पाहिजे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्यांचा उजेड आणखी मंदावतो. म्हणून स्थिर स्थितीच्या विश्वात ही वाढ आठपटीहून थोडी कमीच भरावी. ती जर आठपटीहून जास्त भरली तर दूर अंतरावर कंदील दाट आहेत असे होईल. आणि दूरचा प्रकाश म्हणजे जुना प्रकाश. तेव्हा पूर्वी विश्व दाट होते, आज विरळ आहे, असे ठरेल. मग विश्वाचा चेहरा सारखा कसला?

1955 साली राइल यांनी 1936 स्रोतांची यादी जाहीर केली. तिच्यावरून वाढ आठपट नव्हे, साठपटीच्याही पलीकडे जात होती. राइल यांनी स्थिर स्थितीचा निकाल लागला असे सांगून टाकले. परंतु ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स आणि त्यांचे सहकारी तेच आकाश पाहत होते, आणि त्यांची यादी राइल यांच्या यादीशी जुळेना. शेवटी निष्पन्न झाले ते असे की, राइल यांच्या यंत्राला जवळजवळचे मंद स्रोत वेगळे दिसत नव्हते. दोन-चार मिळून एक मोठा स्रोत असल्याचा भास होत होता. यादीतले पुष्कळ स्रोत खोटे ठरले.

राइल खचले नाहीत. त्यांनी यंत्रे सुधारली, नवे सर्वेक्षण केले, आणि 1961 सालच्या आरंभी नवा आकडा आणला. आता तेज चौथ्या हिश्शावर आणले की संख्या सुमारे बारापट होत होती. साठ गेले आणि बारा आले. पण बारा हेही आठाहून जास्तच.

हा आकडा प्रथम जाहीर झाला तो विद्वानांच्या सभेत नव्हे, तर राइल यांच्या प्रयोगशाळेला साह्य करणाऱ्या मुलार्ड कंपनीने लंडनमध्ये बोलावलेल्या वार्ताहरांच्या बैठकीत. हॉइल यांना पत्नीसह आग्रहाचे निमंत्रण होते. इतक्या अगत्याने बोलावले आहे तर आकडे आपल्या बाजूचेच असावेत, अशी त्यांची समजूत झाली. त्यांना व्यासपीठावर बसवले. पडदा बाजूला झाला, राइल आले, आणि त्यांनी वाचून दाखवला तो हॉइल यांच्या सिद्धांताचा मृत्युलेख. वाचून झाल्यावर, यावर प्रोफेसर हॉइल यांना काय म्हणावयाचे आहे, अशी पृच्छा झाली. जो आकडा पूर्वी पाहिलाच नाही त्यावर वार्ताहरांपुढे माणूस काय बोलणार? त्या संध्याकाळच्या वृत्तपत्रांत बायबलमधली सृष्ट्युत्पत्तीची कथाच खरी ठरली, अशा थाटाच्या बातम्या आल्या.

मी कादंबऱ्या लिहितो. पण असा प्रसंग कादंबरीत घातला असता तर संपादकांनी तो जरा भडक झाला म्हणून परत पाठवला असता.

*

खरी सभा अजून व्हावयाची होती. शुक्रवार, 10 फेब्रुवारी 1961 रोजी बर्लिंग्टन हाउसमध्ये राइल आपले आकडे तज्ज्ञांपुढे ठेवणार होते. हॉइल यांच्या हाती थोडेच दिवस होते. त्यांना एक कल्पना सुचली, आणि तिचे गणित करायला त्यांनी सोबतीला घेतले ते संशोधनाचे पहिले वर्षही न संपलेल्या आपल्या विद्यार्थ्याला.

कल्पना पुन्हा कंदिलांच्याच भाषेत सांगता येते. सगळ्या गावात कंदील सारखेच आहेत हे खरे, पण ते सरासरीने. एखादी आळी नव्याने वसलेली असते. तिथे बिऱ्हाडे नवी, कंदील थोडे. तुम्ही नेमके त्या आळीत उभे राहून मोजू लागलात तर जवळचे कंदील थोडे भरतील, आणि आळी ओलांडून पलीकडचे मोजू लागताच संख्या भराभर वाढेल. वाढ बारापट दिसेल. पण म्हणून गावाच्या टोकाला कंदिलांची दाटी आहे असे होत नाही. तुमच्याच दारापुढे ते कमी आहेत, इतकेच. हॉइल आणि नारळीकर यांचे म्हणणे असे की, रेडिओलहरी फेकण्याचा संभव जुन्या दीर्घिकांत जास्त असतो, आणि दीर्घिका समवयस्कांच्या मोठमोठ्या पुंजांनी राहतात. आपला पुंज तरुण असेल तर आपल्या आसपास बलवान स्रोत कमीच सापडणार. हे पुंज त्यांनी सुमारे सोळा कोटी प्रकाशवर्षे व्याप्तीचे धरले.

गणित झाले, प्रबंध तयार झाला. आणि मग अडचण उभी राहिली. सभेच्या दिवशी हॉइल यांना आधी कबूल केलेले दुसरे काम होते. ते येऊ शकत नव्हते. त्यांनी नारळीकरांना सांगितले की, तूच जा आणि मांड.

या एका वाक्यात केवढा धोका होता पाहा. हॉइल यांच्या जागी दुसरा प्रोफेसर असता तर त्याने सभा पुढे ढकलायला लावली असती, किंवा एखाद्या वजनदार मित्राला उभे केले असते. बाँडी होते, इतर होते. सगळ्या वृत्तपत्रांनी ज्या सिद्धांताचे श्राद्ध घातले होते त्याची बाजू मांडावयास गुरूने धाडले ते बावीस वर्षांच्या, परदेशातून आलेल्या, कोणाला नावही ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला. विद्यार्थी फसला असता तर हसे गुरूचे झाले असते. आणि विद्यार्थ्याचे? सभा हसली म्हणजे काय होते हे चंद्रशेखरांना विचारा.

नारळीकर गेले. समोर राइल होते; त्यांच्या बाजूला वर्षांची मेहनत होती, यंत्रे होती, आकडे होते. या तरुणाजवळ थोड्या दिवसांचे गणित होते. त्याने राइल यांचे आकडे खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला या प्रसंगातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मागच्या यादीची फजिती सर्वांच्या लक्षात होती. 'मागे चुकलात तसे आताही चुकला असाल' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे होते. पण त्याचा पवित्रा निराळाच होता: तुमचे बारापट मान्य, तरीही त्यातून तुमचा निष्कर्ष निघतोच असे नाही, कारण हे पाहा. आधी पूर्वपक्ष जसाच्या तसा स्वीकारला, मगच उत्तरपक्ष केला. संस्कृत जाणणाऱ्या आईच्या मुलाला ही शिस्त कोणी वेगळी शिकवावी लागली नसेल.

आणि सभा हसली नाही. शंका घेतल्या गेल्या, उत्तरे दिली गेली. प्रबंध त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्याच वर्षी, 1961 मध्ये, हॉइल-नारळीकर या जोडनावाने छापून आला. एडिंग्टनच्या सभेला सव्वीस वर्षे झाली होती. तेवढ्यात सभाही काही शिकली असावी.

*

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल, पण खरी होणार नाही. पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे.

राइल यांची बाजू पुढच्या वर्षांत बळकटच होत गेली. 1963 साली क्वासार नावाच्या अतिदूरच्या, अतितेजस्वी वस्तूंची ओळख पटली, आणि पूर्वीचे विश्व आजच्यासारखे नव्हते असे म्हणणाऱ्यांना आणखी पुरावा मिळाला. 1965 साली अमेरिकेत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी सर्व आकाशातून सारखीच येणारी सूक्ष्मलहरींची मंद ऊब जाहीर केली. ही ऊब महास्फोटाची राख आहे असे बहुतेक सर्व शास्त्रज्ञ आज मानतात. स्थिर स्थितीचा सिद्धांत मागे पडला. राइल यांना 1974 साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मुख्य वादात आपल्या विद्यार्थ्याची बाजू हरली.

मग त्या शुक्रवारचे महत्त्व काय राहिले? एक तर असे, की हरलेल्या बाजूतही काही टिकले. कोट्यवधी प्रकाशवर्षे व्याप्तीचे दीर्घिकांचे प्रचंड पुंज असतात ही गोष्ट त्या वेळी अनेकांना पटत नव्हती. पुढे आकाशाचे नकाशे बनू लागले तेव्हा असे महापुंज खरोखरच दिसले. दुसरे असे, की राइल यांच्या निष्कर्षाला जे बळ आले ते अशा उत्तरपक्षांतून तावून निघाल्यामुळेच आले. ज्या सिद्धांतावर कोणी शंकाच घेतली नाही तो खरा असला तरी आपल्याला तसे कळणार कशावरून?

आणि तिसरी गोष्ट यापेक्षाही मजेची आहे. 1964 सालच्या जूनमध्ये लंडनच्याच रॉयल सोसायटीत हॉइल यांनी आपला आणि नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. आता नारळीकर डॉक्टर झाले होते, त्यांचे नाव भारतातल्या वर्तमानपत्रांत झळकत होते. भाषण संपल्यावर श्रोत्यांतून एक तरुण काठीच्या आधाराने उठला आणि म्हणाला की, तुमच्या या समीकरणातली एक बेरीज अनंत होते. हॉइल यांनी विचारले, तुम्हांला कसे कळले? तरुण म्हणाला, मी गणित करून पाहिले आहे. तो केंब्रिजचाच संशोधन करणारा विद्यार्थी होता. नारळीकरांची खोली त्याच्या खोलीजवळच असल्यामुळे त्याने ती समीकरणे आधीच पाहिली होती. वय वर्षे बावीस. नाव स्टीफन हॉकिंग.

वाचकहो, हिशेब करून पाहा. 1961 साली बावीस वर्षांचा नारळीकर राइल यांच्यापुढे उभा राहिला. 1964 साली बावीस वर्षांचा हॉकिंग हॉइल-नारळीकरांपुढे उभा राहिला. हॉइल त्या प्रसंगी रागावले असे सांगतात, आणि ते मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण हॉकिंगचा आक्षेप दडपला गेला नाही. तो 1965 साली रीतसर छापला गेला. हे दोघे विद्यार्थी पूर्वी ग्रिनिच वेधशाळेने भरवलेल्या एका संमेलनात भेटले होते. तिथे हॉकिंगने प्रश्न विचारून विचारून हैराण केले, आणि नंतर टेबलटेनिसमध्ये आपण त्याला हरवले, असे नारळीकर मोठ्या गमतीने सांगत. गणितातला विरोध टेबलापर्यंत आला नाही आणि टेबलावरचा गणितापर्यंत गेला नाही.

*

नारळीकर 1972 साली भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि 1988 साली पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली. महास्फोटाच्या विरुद्ध मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. 1993 साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी आपल्या जुन्या मताचे सुधारलेले रूप मांडले. जगाने ते मानले नाही. त्यांनीही जगाशी भांडण काढले नाही. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते निवर्तले.

मराठी वाचकांनी त्यांना विशेष आठवावे अशी आणखी एक गोष्ट आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नव्हे. पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षक वाकतील, ही त्यांची भीती. म्हणून आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव त्यांनी घेतले. 'कृष्णविवर' या त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. जगताप नावाचा कोणी लेखक अस्तित्वातच नाही हे नंतर उघड झाले.

आपले नाव लहान असताना ज्या सभेने म्हणणे ऐकून घेतले, तिचे ऋण त्यांनी असे फेडले असे मला वाटते. नाव मोठे झाल्यावर ते बाजूला काढून ठेवले आणि कागद तेवढा पुढे केला.

आता फराळाच्या पाटावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती करतो. या चार दिवसांत घरात पाहुणे येतील, गप्पांचा फड जमेल, भाऊसाहेब राजकारणावर आणि काकासाहेब हवामानावर निकाल देतील. अशा वेळी कोपऱ्यात लाडू खात बसलेली एखादी पुतणी, एखादा भाचा म्हणेल, "पण काका, हे कशावरून?" तेव्हा तिला "गप्प बस" म्हणू नका. तिचे म्हणणे चूकही निघेल, पुष्कळदा निघतेच. तिला आधी काकांचे म्हणणे नीट सांगायला लावा, मग तिचे ऐका. भिंतीवर जागा असेल तर पाडव्याला एक फळाही आणून लावा. आव्हान लिहायला मामा आलेलाच असेल.